टीव्हीशेजारचा पत्रा: मराठवाड्यातल्या हॉलसाठी स्वस्त कॅबिनेट पारखताना

नांदेड-लातूरच्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात स्वस्त कॅबिनेट मागितले, की ते आधी विजेला जोडून त्याचे दिवे दाखवले जातात. समोर काच, आत रंग बदलणारे पंखे, आणि दोन-अडीच हजारांत एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तोही. अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचा पीसी असेल तर यात फारसे बिघडत नाही. पण तोच पीसी हॉलमध्ये टीव्हीला जोडून ठेवायचा असेल, त्यावर सिनेमे, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, मुलांची लेक्चर्स, गावच्या सप्ताहातली कीर्तने लावायची असतील, तर कॅबिनेटकडून वेगळेच काही हवे असते. दिवे मालवून सिनेमा पाहायला बसल्यावर पडद्याच्या कडेला लुकलुकणारे रंग अर्ध्या तासात नकोसे होतात.

होम थिएटर पीसीच्या कॅबिनेटवर जगात भरपूर लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे वीस-बावीस अंशांच्या खोलीत मोजमापे घेऊन लिहिलेले असते. खोलीत धूळ जवळजवळ नाही, वीज अखंड आहे आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहेच, हे तिथे न सांगता धरून चाललेले असते. मराठवाड्यात यातले एकही गृहीत टिकत नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की लातूर जिल्ह्यात हवेतच भुसा तरंगतो. जुन्या घरांतली अर्थिंग कागदावर असते. म्हणून इथल्या घरासाठी कॅबिनेट निवडताना आधी अर्थिंग आणि एसएमपीएस पाहावे, मग वारा, मग पत्रा, आणि रूप सगळ्यात शेवटी. दुकानातली मांडणी नेमकी याच्या उलट असते.

आधी एक प्रश्न मोकळेपणाने विचारायला हवा: टीव्हीजवळ पीसी हवाच कशाला? नुसते ओटीटी पाहायचे असेल तर नको. टीव्हीला लावायची स्टिक किंवा टीव्हीतलीच ॲप ते काम चांगले करतात. उलट पीसीच्या ब्राउझरमध्ये ओटीटीचे चित्र बऱ्याचदा पूर्ण दर्जाचे मिळत नाही, कारण या सेवा कॉपीराइटच्या कुलुपांबाबत पीसीवर कमी भरवसा ठेवतात. पीसीची गरज पडते ती घरचा साठा असणाऱ्यांना. दोन पिढ्यांच्या लग्नांच्या डीव्हीडी, हार्ड डिस्कवरचे जुने मराठी सिनेमे, फोनमधून उतरवलेले हजारो फोटो. लातुरात ट्यूशनच्या वर्षांत घरातला एकच पीसी दिवसा अभ्यासाला आणि रात्री सिनेमाला वापरणारी कुटुंबेही असतात, आणि त्यांच्यासाठी हा खर्च वाया जात नाही. ज्यांच्याकडे असा साठा नाही आणि अभ्यासाची गरजही नाही, त्यांनी स्टिक घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगले स्पीकर घ्यावेत.

इतिहास थोडक्यात. ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या काळात कॅबिनेट बहुधा आडवे असे आणि त्यावर मॉनिटर ठेवलेला असे. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्डचे एटीएक्स माप आणले, पुढे उभे टॉवर रुळले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि पीसी दिवाणखान्यात नेण्याची कल्पना जोर धरू लागली. सिल्व्हरस्टोन, अँटेक अशा कंपन्यांनी ॲम्प्लिफायरसारखी दिसणारी, ॲल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीची आडवी कॅबिनेट काढली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती पाहायला मिळत. मराठवाड्यातल्या दुकानांत ती कधी रुळलीच नाहीत. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा त्यातून मीडिया सेंटर गेले, स्टिक स्वस्त झाल्या, आणि आडव्या कॅबिनेटचा बाजार आक्रसला. सिल्व्हरस्टोनचे जीडी०९ हे त्या घराण्यातले साधे मॉडेल: ४४० मिलिमीटर रुंद, १७० उंच, ३५८ खोल, आत पूर्ण एटीएक्स बोर्ड मावतो. पण ते बाहेरून मागवावे लागते, आणि तेवढ्या पैशांत इथे कॅबिनेट, चांगला एसएमपीएस आणि बहुधा एसएसडीसुद्धा येते. स्वस्त आडवे कॅबिनेट हा पर्याय आज जवळजवळ उरलेला नाही, असे समजूनच पुढे जावे.

मग राहतात तीन वाटा. मायक्रो एटीएक्स बोर्ड मावेल असा छोटा टॉवर टीव्ही युनिटच्या बाजूला जमिनीवर ठेवणे. मिनी आयटीएक्सचे लहान चौकोनी कॅबिनेट कप्प्यात बसवणे. किंवा कंपन्यांच्या कार्यालयांतून निवृत्त झालेला सडपातळ डेस्कटॉप घेणे.

टीव्ही युनिट बहुधा सुताराने जागेवर बनवलेले असते. त्याचे कप्पे सेट टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर डोळ्यांसमोर ठेवून आखलेले, सहा ते आठ इंच उंच, आणि मागची प्लायवूडची पाठ पूर्ण बंद, फक्त वायरपुरते एक भोक. या कप्प्यात कुठलेही कॅबिनेट ठेवा, त्याने मागे सोडलेली गरम हवा पुन्हा पुढून आत येणार. कॅबिनेट कितीही हवेशीर असले तरी ते स्वतःचीच ऊब गिळत राहते. म्हणून कप्प्यातच ठेवायचे असेल तर आधी सुताराला बोलावून पाठ कापून घ्यावी. नुसती जाळीची भोके पुरत नाहीत, कॅबिनेटच्या मागच्या बाजूएवढी पाठ मोकळी हवी. हे करायचे नसेल तर टॉवर बाहेर, युनिटच्या शेजारी. बहुतेक घरांत मी हेच सुचवीन, कारण बाहेर ठेवलेल्या साध्या टॉवरला वारा मिळतो आणि तो पुसायलाही सोपा पडतो.

उष्णतेचा हिशेब फार अवघड नाही. सिनेमा लावलेला साधा पीसी ३० ते ६० वॅट घेतो, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक वॅट उष्णता होऊन कॅबिनेटमध्ये सोडला जातो. ६० वॅटची उष्णता बाहेर काढायला सेकंदाला साधारण साडेनऊ लिटर हवा खेळती राहिली, तर आतली हवा खोलीपेक्षा सहा अंशांनी गरम राहते. १२० मिलिमीटरचा एकच पंखा सावकाश फिरून एवढी हवा सहज देतो, अट एवढीच की त्याच्यासमोर रस्ता मोकळा हवा. आता खोलीचे आकडे घाला. नांदेड गोदेच्या काठी, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरच्या पुढे. लातूरची संध्याकाळ लवकर निवते, नांदेडची निवत नाही. त्यातून वरच्या मजल्यावरचे स्लॅबचे घर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत खोलीत ऊब ओतत राहतो, आणि घरोघरी टीव्ही पाहण्याची वेळही तीच. खोली ३८ अंशांवर असली तर मोकळ्या कॅबिनेटची आतली हवा ४४ वर राहील. समोर बंद काच असलेल्या कॅबिनेटमध्ये ती पन्नाशी सहज ओलांडते.

प्रोसेसरला त्याचे फारसे काही वाटत नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचल्यावरच स्वतःचा वेग कमी करतात. त्रास होतो तो हार्ड डिस्कला, जिची कंपनीने दिलेली मर्यादा साधारण ६० अंशांची असते, आणि एसएमपीएसमधल्या कपॅसिटरना. कपॅसिटरबद्दल अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. स्वस्त एसएमपीएसमध्ये ८५ अंशांचे कपॅसिटर असतात, चांगल्यात १०५ अंशांचे. नांदेडच्या चार उन्हाळ्यांत हा फरक पुरेपूर वसूल होतो.

म्हणून समोर काच असलेले कॅबिनेट मी हॉलसाठी सरळ बाद करतो. समोर जाळी हवी. दुकानात दर्शनी भाग खेचून काढून पाहावा, तो बहुधा प्लास्टिकच्या खिट्ट्यांवर बसवलेला असतो. जाळीमागे पुन्हा पत्रा असेल आणि त्यात मोजकी भोके पाडलेली असतील, तर ती जाळी शोभेची. मागच्या पंख्यासमोरची भोके पाहावीत. पत्र्याला छिद्रे पाडून केलेल्या दाट जाळीपेक्षा तारेची मोकळी जाळी वारा कमी अडवते आणि आवाजही कमी करते. एसएमपीएस खाली बसणार असेल तर पाय निदान बोटभर उंच हवेत, नाहीतर तो फरशीवरची धूळच ओढणार.

दाल मिलच्या आसपास राहणाऱ्यांना धुळीबद्दल सांगायला नको. लातूर ही तूर आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ. हंगामात टरफलाची बारीक पूड घराघरांत येते. नांदेडकडे कापूस, त्यामुळे जिनिंगच्या भागात तंतू. उन्हाळ्यात काळ्या रानाची पिठूळ माती. जुन्या वाड्यांत आणि खेड्यांत माळवदाचे घर असेल तर आतून थंड, पण छतातून माती झडतच राहते. या चार प्रकारच्या धुळी वेगवेगळ्या वागतात. तंतू जाळीवर थर धरतात आणि ओढून काढता येतात. पिठूळ माती कशातूनही आत जाते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये दमट हवेत घट्ट बसते.

यावर उपाय म्हणजे आत ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवणे. आत थोडा दाब राहिला की हवा फटींतून बाहेर जाते आणि धूळ फक्त पुढच्या फिल्टरमधून यायचा प्रयत्न करते. स्वस्त कॅबिनेटमध्ये बहुधा मागे एकच पंखा बसवून मिळतो, तो बाहेर फेकणारा. त्यामुळे आतली हवा ओढली जाते आणि डीव्हीडीच्या खाचेपासून यूएसबीच्या भोकापर्यंत सगळीकडून धूळ शिरते. तीनेकशे रुपयांचा एक जास्तीचा पंखा समोर लावणे आणि मागचा सावकाश फिरवणे, इतक्या कमी खर्चात यापेक्षा मोठी सुधारणा दुसरी नाही. फिल्टर म्हणून काही जण मच्छरदाणीचा तुकडा लावतात. त्याने तंतू आणि भुसा अडतो, माती अडत नाही. कापडाचा दाट तुकडा लावला तर मातीही अडते आणि वाराही. कॅबिनेटसोबत येणारा चुंबकाच्या पट्टीचा बारीक नायलॉनचा फिल्टर या दोघांच्या मधला आहे, आणि तो मिळत असेल तर शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावेत.

बिनकामाच्या स्लॉटच्या पट्ट्यांकडे कुणी लक्ष देत नाही. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या पत्र्यातच अर्धवट कापलेल्या असतात, एकदा मोडल्या की परत लावता येत नाहीत. ते भोक पालीला पुरेसे असते. पाल एसएमपीएसमध्ये गेली की ती मरते आणि एसएमपीएसही. स्क्रूने बसणाऱ्या पट्ट्या असलेले कॅबिनेट घ्यावे, किंवा उघडे भोक बंद करून टाकावे.

कूलरचे काय? कोरड्या उन्हाळ्यात तो खोली चांगली निववतो आणि त्याने पीसीचाही फायदा होतो. पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. लातूर-नांदेडचे बोअरचे पाणी जड, कूलरच्या गवतावर पांढरे क्षार धरतात, आणि झोतातून उडणारे सूक्ष्म थेंब तेच क्षार बोर्डावर नेऊन ठेवतात. दमट धूळ वीज वाहू लागते, हा खरा धोका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या कॅबिनेटला थंड हवा मिळते, थेंब मिळत नाहीत.

आवाजाबाबत बाहेरचे परीक्षण लिहिणारे फार हळवे असतात, आणि त्यांच्या शांत घरांत ते बरोबरच आहे. इथे एप्रिल ते जून छताचा पंखा आणि कूलर चालू असताना कॅबिनेटचा पंखा ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो दिवाळीनंतर, थंडीत, दारे-खिडक्या बंद करून सिनेमा पाहताना. तेव्हा हवाही थंड असते, म्हणजे पंखा सावकाश फिरवता येतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. त्यामुळे पंखा 'सायलेंट' आहे की नाही यावर जास्त पैसे घालवण्यापेक्षा तो चार पिनांचा आहे का ते पाहावे, म्हणजे मदरबोर्ड ऋतूप्रमाणे त्याचा वेग सांभाळू शकतो. एसएमपीएसच्या वायरला थेट जोडलेले रंगीत पंखे बारा महिने एकाच जोराने फिरतात. छोटे, ८० मिलिमीटरचे पंखे तेवढीच हवा द्यायला जास्त वेगाने फिरतात आणि त्यांचा सूर चिरका असतो. १२० चे घ्यावेत.

आता पत्रा. गावात धान्याची कोठी किंवा कपाट बनवून घेताना आपण गेज विचारतो: २२ गेज म्हणजे ०.७ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५६, २६ म्हणजे ०.४६. कॅबिनेट घेताना हाच प्रश्न कुणी विचारत नाही, आणि स्वस्त कॅबिनेटचा पत्रा बऱ्याचदा कोठीच्या पत्र्यापेक्षाही पातळ असतो. दुकानात बाजूच्या झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे, टणटण वाजले आणि दबून राहिले तर सोडून द्यावे. रिकामे कॅबिनेट दोन विरुद्ध कोपऱ्यांत धरून किंचित पिळावे. सांगाडा वाकला तर त्यात बसवलेला मदरबोर्डही वाकणार. आतल्या कडा दुमडलेल्या हव्यात. कापून तशाच सोडलेल्या कडांनी हात कापतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. एक स्क्रू घालून-काढून पाहावा, कारण मऊ पत्र्यातले आटे दुसऱ्या वेळी फिरू लागतात.

पातळ पत्र्याचा हॉलमधला मोठा दोष म्हणजे थरथर. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते, पत्रा तिला साथ देतो, आणि शांत प्रसंगात सिनेमाखाली एक मंद गुणगुण चालू राहते. डिस्क घट्ट स्क्रूने आवळल्यावर ती वाढते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूखाली आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना घातले तर ती बरीच निवते. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एसएसडी आणि सिनेमांसाठी ५४०० फेऱ्यांची डिस्क असा जोड केला तर उष्णताही कमी.

सगळ्यात जास्त लिहायला हवे ते अर्थिंगबद्दल, कारण कॅबिनेटच्या परीक्षणांत हा विषय नसतोच.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव मराठवाड्यात इतका सर्रास आहे की लोक तो पीसीचा स्वभावच समजतात. कारण साधे आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधल्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही आतला असतो, त्यामुळे माणसाला चटका बसतो, एवढेच. एचडीएमआयला मात्र ते सोसत नाही. टीव्हीचा प्लग बहुधा दोन पिनांचा, टीव्हीला डीटीएचची किंवा केबलची वायर, ती वायर गच्चीवरच्या डिशपर्यंत. तरंगणाऱ्या पत्र्याच्या पीसीची एचडीएमआय वायर चालू स्थितीत टीव्हीत खोचली, की दोन्हीकडच्या दाबांतला फरक त्या नाजूक पिनांतून वाट काढतो. टीव्हीचा पोर्ट जळतो आणि दोष वायरला लागतो. मान्सूनच्या आधीच्या वादळांत इथे विजा फार पडतात. तेव्हा डिशची वायर काढून ठेवावी. एचडीएमआय जोडताना पीसी आणि टीव्ही दोघांचेही प्लग बाहेर काढलेले असावेत.

अर्थिंगच नसण्यामागे मातीचाही हात आहे. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात, आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्यातली नळी किंवा पट्टी मातीपासून सुटते. पावसाळ्यात ठीक असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरती उरते. खड्ड्यात नेमाने पाणी घालायचे असते, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा उन्हाळ्यात खड्ड्यात चांगले पाणी ओतणे कुणाला सुचणार? कूलर धुतलेले खारट पाणी मात्र यासाठी उत्तम. वायरमनकडून तपासून घेताना नुसत्या मल्टिमीटरवर भागवू नये, तुटपुंज्या अर्थिंगलाही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. भार लावून तपासायला हवे, आणि ते काम वायरमनचेच.

आता यात कॅबिनेटचा वाटा. पावडर कोटिंगचा रंग वीज अडवतो. एसएमपीएस रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने बसवला, झाकण रंगवलेल्या खाचेत सरकवले, की सांगाडा अर्थ होतो आणि झाकण होत नाही. चांगल्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या चौकटीभोवती आणि झाकणांच्या ओठांवर धातू उघडा ठेवलेला असतो. नसेल तर जोडणाऱ्या मुलाला स्क्रूखालचा रंग खरवडायला सांगावे, दोन मिनिटांचे काम. सोबत आलेली पॉवर केबलही तपासावी. काही स्वस्त केबलींत जाड पीन दिसते, पण आत तिला तारच जोडलेली नसते.

एसएमपीएसकडे येतो. 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' या जोडीत बचत नेमकी चुकीच्या जागी झालेली असते. डब्यावर ४५० वॅट लिहिलेले असते. लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते वाचावे. तिथे १४ असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट, आणि पीसीचा मोठा भार याच रांगेवर असतो. होम थिएटर पीसीला एवढेही पुरते, पण असा खोटा आकडा लिहिणाऱ्याने आत काय घातले असेल याचा अंदाज येतो. वेगळा, ८० प्लस प्रमाणपत्राचा एसएमपीएस घ्यावा आणि कॅबिनेट एसएमपीएसशिवाय मागावे. लेबलवरची दुसरी ओळ आणखी महत्त्वाची: चालण्याचा दाब. काही एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टचे असतात, काही १०० ते २४० चे. मुखेड, देगलूर, अहमदपूर, निलंगा अशा तालुक्यांतल्या खेड्यांत शेतीपंप सुरू झाले की घरातला दाब पावणेदोनशेपर्यंत घसरतो. तिथे दुसऱ्या प्रकारचाच घ्यावा, पहिला रोज संध्याकाळी बंद पडेल.

इन्व्हर्टरचीही गोष्ट याच्याशी जोडलेली. लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेले जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर अजून खूप घरांत आहेत. ॲक्टिव्ह पीएफसीचे चांगले एसएमपीएस त्यांवर कधीकधी कुरकुरतात किंवा बंद होतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर प्रश्न नाही, फक्त त्याच्या मागचे बटण यूपीएसच्या खुणेवर हवे. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या मोडवरचा इन्व्हर्टर त्याहून सावकाश जागा होतो.

निवृत्त कार्यालयीन डेस्कटॉप हा या सगळ्यातला माझ्या मते अनेकांसाठी सर्वांत शहाणा पर्याय. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर जाड, आडवे ठेवले तर सुताराच्या कप्प्यातही जातात, पत्रा जाड, एसएमपीएस खरा. नांदेडकरांना हैदराबाद-सिकंदराबादचा बाजार जवळ, लातूरकरांना पुणेही सोयीचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे स्वस्तात निघत आहेत. यात सातवी पिढी धरावी. तिथपासून दहा बिटचे एचईव्हीसी व्हिडिओ ग्राफिक्सच उलगडते, प्रोसेसरला राबावे लागत नाही, म्हणून उष्णता आणि आवाज दोन्ही कमी. चौथ्या पिढीचे यंत्र आणखी स्वस्त मिळेल, पण फोरकेचा सिनेमा लावला की त्याचा पंखा ओरडतो. सातव्या पिढीच्या यंत्रावर लिब्रेइलेक घातले, म्हणजे कोडी हे सिनेमे लावायचे सॉफ्टवेअर थेट सुरू करणारी मोफत प्रणाली, तर विंडोजचा प्रश्नच उरत नाही.

दोष आहेत. यांच्या एसएमपीएसचा आकार आणि जोडणी कंपनीची स्वतःची, तो गेला तर गावात मिळत नाही. कार्ड लावायचे तर अर्ध्या उंचीचेच. ३.५ इंची एकापेक्षा जास्त डिस्क मावत नाही. आणि फिल्टर नाहीच. साठा मोठा असलेल्याने, किंवा जिथे हॉल उन्हाळ्यात खरोखर भट्टी होतो तिथे, मोकळा मायक्रो एटीएक्स टॉवरच घ्यावा. नवा पीसी बांधायचा असेल तर २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा सहा वॅटचा प्रोसेसर पाहावा. त्याच्या बोर्डाला लहान कॅबिनेटही पुरते आणि नांदेडचा मेही त्याला फार तापवत नाही.

दोन किरकोळ गोष्टी. नव्या जाळीदार कॅबिनेटमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची जागाच नसते, तेव्हा लग्नांच्या डीव्हीडी असणाऱ्यांनी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा आणि त्या तबकड्या शक्य तितक्या लवकर डिस्कवर उतरवून ठेवाव्यात, तबकड्या खराब होत आहेत. आणि साध्या मदरबोर्डवर टीव्हीचा रिमोट चालत नाही, एअर माउस लागतो. त्याचा डोंगल पुढच्या यूएसबी ३ च्या पोर्टात खोचला तर त्या पोर्टाच्या रेडिओ गोंगाटामुळे तो अडखळतो. यूएसबी २ मध्ये लावावा, किंवा हातभर एक्स्टेन्शनने पत्र्यापासून दूर न्यावा.

सफाई वर्षातून दोनदा: गुढीपाडव्याच्या सुमारास, ऊन चढायच्या आधी, आणि सोयाबीनची मळणी उरकल्यावर. कॅबिनेट अंगणात न्यावे, प्लग काढलेला असावा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, मोकळी सोडली तर ती वाऱ्याने भरमसाट वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होते.